पाचवीचं पुस्तक संपवू, की मुलांना वाचायला शिकवू?

पत्र

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला चौदा वर्षं झाली. यंदा पाचवीचा वर्ग आहे, पट सदतीस. दहा-बारा मुलं छान आहेत, दहा-बारा कशीबशी चालतात आणि उरलेल्यांचं जोडाक्षर आलं की अडतं. त्यातल्या चार-पाच जणांना तर साधे शब्दही लागत नाहीत. मी मनापासून शिकवते. ‘कळलं का?’ विचारलं की सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात. चाचणीचे पेपर तपासायला घेतले की मात्र डोकं धरून बसावं लागतं. मुख्याध्यापक म्हणतात, अभ्यासक्रम वेळेत संपवा. सहकारी म्हणतात, घरी कुणी बघत नाही, आपण काय करणार? शाळा सुटल्यावर काही मुलांना थांबवून पाहिलं, पण ती दमलेली असतात आणि थांबणं त्यांना शिक्षाच वाटते. पुस्तक संपवू की यांना वाचायला शिकवू? दोन्ही जमत नाही. खरं सांगायचं तर हल्ली वर्गात जायचाच कंटाळा येतो.

– एक वर्गशिक्षिका

उत्तर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. शाळेच्या वेळातच रोज एक तास पाचवीचं पुस्तक मिटून ठेवा. त्या तासात प्रत्येक मूल आज जिथे आहे तिथून त्याला पुढे न्या. बाकीच्या वेळात पुस्तक शिकवा, पण त्यातलं काही बिनधास्त गाळा. शाळा सुटल्यावर थांबवणं आजपासून बंद करा. ते का चाललं नाही, हे तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलं आहे.

तुमचा वर्ग जगावेगळा नाही. ‘असर’ ही ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं, गणित येतं हे बघणारी देशव्यापी पाहणी आहे. तिच्या २०२४ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तुम्ही दिलेले आकडे बरोबर असतील तर तुमची मुलं या सरासरीच्या वरच आहेत. हे मी तुमचं सांत्वन करायला सांगत नाही. इतक्या ठिकाणी तेच घडतं, तेव्हा एकेका शिक्षकाच्या मेहनतीत खोट शोधण्यात अर्थ नसतो, एवढंच म्हणायचं आहे.

खोट आहे ती वर्गाच्या वेगात. पाचवीचं पुस्तक लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की मुलाला चौथीचं येतं. ज्याला दुसरीचंच येत नाही त्याच्यासाठी तो धडा म्हणजे नुसता आवाज. तो गप्प बसतो, फळ्यावरचं उतरवून घेतो, वही भरते आणि वही भरलेली दिसली की सगळ्यांचं समाधान होतं. तुमच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी आजवर ‘कितव्या धड्यावर आहात?’ असं विचारलं आणि किती जणांनी ‘तुमची किती मुलं वाचतात?’ असं विचारलं, आठवून पाहा. जे विचारलं जातं त्याच्याच मागे शिक्षक धावणार. यात त्याचा अप्रामाणिकपणा नाही.

बिहारचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. ‘प्रथम’ ही संस्था मुलांना वर्गानुसार न बसवता त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत वापरते. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमधल्या सरकारी शिक्षकांनीच या पद्धतीने सुट्टीतली शिबिरं घेतली आणि मुलांचं वाचन सुधारलं. पुढे शाळा सुरू असताना शिक्षकांना हेच प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा वर्गात फारसा फरक पडला नाही. शिक्षकांना पद्धत पटत नव्हती असं नव्हे. घंटा झाली की ते पुन्हा पुस्तक संपवण्याच्या मागे लागत. नंतर २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या दिवसातला एक तास या कामासाठीच राखून ठेवला. त्या तासात इयत्ता विसरून मुलांचे पातळीनुसार गट केले आणि देखरेख करणाऱ्यांनाही त्याच कामाला जुंपलं. तिथे हिंदी वाचनात सुधारणा दिसली. गणितात दिसली नाही, कारण भर वाचनावर होता. ज्याला तास मिळाला, तेच सुधारलं.

म्हणून मी तास मागते आहे. ‘वेळ मिळेल तसं त्या मुलांकडे बघा’ असं सांगितलं तर तो वेळ कधीच मिळणार नाही. तास वेळापत्रकात असला पाहिजे, शक्यतो सकाळचा. रजा, बैठक, सहल, कशासाठीही आधी कापला जाणारा तास तो नसावा.

आता तो आणायचा कुठून? आठवडाभर एक करा. मुलं फळ्यावरून किंवा पुस्तकातून काही उतरवून घेत असतात ती मिनिटं वहीच्या शेवटच्या पानावर टिपत जा. धड्याखालची प्रश्नोत्तरं, कवितेचा भावार्थ, निबंध, विज्ञानाच्या व्याख्या, सगळं धरा. माझा अंदाज आहे की तुमचा तास तिथेच सापडेल. उतरवून घेण्याने शांतता राहते आणि वही तपासणाऱ्याला काहीतरी दिसतं, हे दोन फायदे मी नाकारत नाही. शिकण्याच्या दृष्टीने मात्र हा वर्गातला सगळ्यात वाया जाणारा वेळ आहे. ज्या मुलाला वाचता येत नाही तो अक्षरांची चित्रं काढत असतो. ज्याला येतं, त्याला विचार करायची गरज पडत नाही.

त्यापेक्षा पुस्तक मिटून, धड्यात काय होतं ते आठवेल तसं लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. तुमची मुलं लहान आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे लागू करू नका. पण वर्गात सगळं येतंय असं वाटावं आणि चाचणीत काहीच उरलेलं नसावं, या कोड्याचं निदान एक कारण इथे आहे.

तास ठरला की पहिलं काम पडताळणीचं. एकेका मुलाला बाजूला घेऊन बसा. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका, तिथे भीती मोजली जाते. एका कागदावर चार गोष्टी ठेवा: काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, चार वाक्यांचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदापासून सुरुवात करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्दांकडे या, तेही जड गेले तर अक्षरांकडे. एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. बाकीच्यांना लेखी काम दिलंत तर दोन-तीन दिवसांत सदतीस मुलं होतील. नुसती पातळी लिहू नका, कुठे अडला तेही लिहा. ‘जोडाक्षर येत नाही’ हे निदान फार मोघम आहे. एकाला रफार दिसत नाही, दुसरा अर्ध्या अक्षराला पूर्ण वाचतो, तिसऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीतच गोंधळ आहे आणि जोडाक्षरापर्यंत तो पोचतच नाही. या तिघांना एकच सराव देऊन उपयोग नाही.

तुमच्या मनात येईल की अशाने मुलांवर शिक्का बसेल. शंका रास्त आहे. केनियातल्या १२१ शाळांच्या एका प्रयोगात जवळपास निम्म्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांच्या पातळीनुसार वेगळ्या तुकड्या केल्या होत्या. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही तुकड्यांतली मुलं मिश्र वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त शिकली, कारण शिक्षक समोरच्या मुलांना झेपेल असं शिकवू शकले. तरीही दिवसभराच्या वेगळ्या तुकड्या करा असं मी सांगणार नाही. गट फक्त त्या तासापुरते ठेवा. बाकी दिवस सगळी एकत्र बसू देत, विज्ञानाचा प्रयोग, चित्रकला, खेळ, गप्पा सगळ्यांच्या मिळून. गटांना फुलांची नावं दिल्याने काही झाकलं जात नाही, मुलांना दोन दिवसांत कळतं कोणतं फूल कुठलं आहे. शिक्का बसू नये असं वाटत असेल तर मुलं गटांतून हलती ठेवा. दर महिन्याला तोच चार पायऱ्यांचा कागद पुन्हा काढा, उतारा बदला, आणि जो पुढे गेला त्याला त्याच दिवशी पुढच्या गटात पाठवा. वर्षभर कुणीच हललं नाही, तर ते गट नव्हेत, जाती झाल्या.

एकट्या बाईने तीन गट कसे सांभाळायचे? सगळ्यांना सारखा वेळ द्यायच्या फंदात पडू नका. तुमचा पहिला अर्धा तास मागच्या गटाचा. त्यांच्यासोबत जमिनीवर बसा, टेबलामागून हे काम होत नाही. मधला गट त्या वेळात जोडीने वाचेल. पुढचा गट गोष्ट वाचून तिच्यावर स्वतः प्रश्न तयार करेल किंवा शेवट बदलून लिहील. उरलेल्या वेळात या दोन्ही गटांकडे एक फेरी मारा. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी तोच तास धरला तर फारच छान. मग तीन वर्गांतली मुलं एकत्र करून गट करता येतात आणि एका शिक्षकाकडे एकच पातळी येते.

जोडीने वाचण्याचा हिशेब करून पाहा, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात सदतीस मुलांनी एकेकाने उभं राहून वाचलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. उरलेल्या चौतीस मिनिटांत तो आपली पाळी कधी येईल याचा अंदाज घेत असतो. तेच जोड्या केल्या तर कुठल्याही क्षणी अर्धा वर्ग वाचत असतो. वीस मिनिटांत प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातून तक्रार आली तर गोड बोलून सोडून द्या.

मागच्या गटासाठी मला सगळ्यात परिणामकारक वाटते ती रीत जुनी आहे आणि तिला साहित्य लागत नाही. मुलाला एक वाक्य बोलायला सांगा, काल काय केलं, कुणाशी भांडला, काहीही. ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, बोलीतलं असेल तर बोलीतलंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. मग त्यालाच बोट ठेवून वाचू द्या. वाक्य त्याचंच असल्यामुळे पुढचा शब्द कुठला येणार हे त्याला ठाऊक असतं आणि सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं. चार मुलांची चार वाक्यं झाली की तो आजचा धडा. उद्या तोच पुन्हा वाचायचा, त्यातले शब्द सुटे करून हलवायचे, नवी वाक्यं जोडायची. एकच छोटा मजकूर तीन-चार दिवस घोळवायला संकोच करू नका. रोज नवा धडा घेतला तर हे मूल रोज नव्याने हरतं.

आता उरलेल्या वेळातल्या शिकवण्याबद्दल थोडं. ‘कळलं का?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर ‘हो’च येणार, तो आता प्रार्थनेसारखा झाला आहे. प्रत्येकाला पाटी घ्यायला सांगा, पाचवीत असली तरी. प्रश्न विचारा, सगळ्यांना लिहू द्या आणि ‘पाट्या वर’ म्हणा. पाच सेकंदांत सदतीस उत्तरं दिसतात. फळ्यावर ५२ वजा २७ लिहून पाहा. काही पाट्यांवर ३५ येईल. हे आळसाचं उत्तर नव्हे. त्या मुलाने मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम एकक-दशकाच्या दोन्ही घरांत इमानाने पाळला आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला ‘लक्ष कुठे होतं?’ विचारून काय मिळणार? दशक सुटा करून दहा एकक होतात हे काड्यांच्या जुडीने दाखवलं तर दोन दिवसांत सुटेल. चूक वाचायला येणं हे तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे. पदवीच्या अभ्यासात ते फारसं शिकवत नाहीत याचा मला राग आहे.

तोंडी प्रश्न विचारलात तर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून पाहिली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं तिला आढळलं. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे किती, हे वर्गात उभं राहिल्यावर कळेल. फार अवघडल्यासारखं होतं. मनात आकडे मोजा.

वह्या तपासताना शेरा लिहिणार असाल तर त्याच्या शेजारी गुण लिहू नका. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळांत केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याची वही बघतं, पुढचं वाचत नाही. आणि शेरा म्हणजे ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधार’ नव्हे. ‘तिसऱ्या उदाहरणात दशक सुटा करायचा राहिला, पुन्हा करून दाखव’ असा असला तर त्यावर काहीतरी करता येतं.

मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांवर किती मुलं आहेत ते एका पानावर लिहा, नावं नको, आकडेच. म्हणा, ‘तीन महिने मला हा तास द्या, दर महिन्याला हेच पान पुन्हा आणून दाखवते.’ बहुतेक मुख्याध्यापक अभ्यासक्रमाचा आग्रह धरतात कारण वर दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. तुमचं पान त्यांना ते देईल. नाहीच म्हणाले तर अर्धा तास मागा. तोही नाही मिळाला तर भाषेचा तास तुमचाच आहे, त्यात वाचनच शिकवायचं असतं.

घरी कुणी बघत नाही, हे सहकाऱ्यांचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं. त्यावर वाद घालू नका. घरी बघणारं कुणी नाही म्हणूनच तर त्या मुलाला शाळा लागते, एवढं म्हणून विषय बदला. त्यातल्या एखाद्याला, जो कमी कुरकुर करतो त्याला, एक तास तुमच्या वर्गात मागे बसायला बोलवा. जपानी शाळांत शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो आणि बाकीचे मुलांचं निरीक्षण करतात. तुम्ही इतकं आखीव करायची गरज नाही. त्याला तीन मुलांची नावं द्या आणि तासभर फक्त त्या तिघांकडे बघायला सांगा: कधी लिहिलं, कधी खिडकीबाहेर पाहिलं, शेजाऱ्याला काय विचारलं. शिकवताना आपल्याला हे दिसूच शकत नाही. मग पुढच्या आठवड्यात तुम्ही त्याच्या वर्गात बसा.

पालकांना बोलवाल तेव्हा गुणपत्रक पुढे करू नका. मुलाला त्यांच्यासमोर पडताळणीतला तो चार वाक्यांचा परिच्छेद वाचून दाखवू द्या, जेवढं येतं तेवढंच. आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसलं तरी मूल अडखळतं की सुटसुटीत वाचतं हे ऐकून कळतं. रोज दहा मिनिटं समोर बसून ऐका, एवढंच मागा.

कंटाळ्याबद्दल: तो तुमच्या पत्रात शेवटी आला आहे, पण मला तो उरलेल्या सगळ्याचा परिणाम वाटतो. चौदा वर्षं शिकवायचं आणि कुणाला काय आलं हे वर्षातून चार वेळा, तेही वाईट बातमीसारखं कळायचं, याने कुणीही थकेल. महिन्याच्या पडताळणीत दोन मुलं शब्दांवरून परिच्छेदावर गेलेली दिसतात तेव्हा काय वाटतं ते पाहा. तरीही कंटाळा हटला नाही तर पुन्हा लिहा, मग आपण बदलीबद्दल बोलू. तो विषय मला वर्ज्य नाही.

वर्षअखेरीपर्यंत सगळी पाचवीच्या पातळीला येतील अशी आशा लावून घेऊ नका. नियमित येणारी, आज शब्दांवर असलेली बरीच मुलं गोष्ट वाचू लागतील, हे शक्य आहे. अक्षरांवर असलेल्या चार-पाच जणांचं मात्र आधी वेगळं बघा. त्यांना फळा नीट दिसतो का, मागून हळू हाक मारली तर ऐकू येतं का? चश्म्याची गरज असलेलं मूल पाचवीपर्यंत ‘ढ’ म्हणून बसून राहतं, असं होतं. आरोग्य तपासणीची वाट न बघता पालकांना सांगून डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असून, रोज सराव करूनही तीन-चार महिन्यांत एखादं मूल अक्षरांवरच राहिलं, तोंडी मात्र हुशारीने बोलत असलं, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिथे तुमची जिद्द पुरणार नाही. विशेष शिक्षक किंवा मानसतज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा आणि तिची प्रत जवळ ठेवा.

पडताळणी याच आठवड्यात सुरू करा. चाचणीचे पेपर तपासायचे राहिले असतील तर राहू देत थोडे दिवस. त्यातून जे कळणार आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे.